बारा बागा, तेरावा फोटो

१

गुरुवारी सकाळी अकरा वाजता शेंदूरजनाघाटात ‘बारा बागा संत्रा संघा’च्या पडद्यावर संत्री दिसायची होती. दिसली कोळशी. पानापानावर, फळाफळावर काजळ फासल्यासारखा काळा थर. बागायतदाराच्या घरी पाहुण्यांसमोर या रोगाचं नावसुद्धा कोणी काढत नाही, आणि इथे तर समोर दिल्ली-कोलकात्याहून बोलावलेले सात व्यापारी बसले होते.

मग मागच्या रांगेतला एक व्यापारी हसला.

“यही माल बेचोगे क्या, देवरावजी?”

संघाचे अध्यक्ष देवराव ताडकन उठले. “कोनं लावला बे हा फोटो? हे माह्या बागेतलं झाड हाये, धुऱ्यावरचं! त्या फोटोवाल्याले मी तवाच सांगतलं होतं, हे नको काढू म्हून!”

लॅपटॉपसमोर आचल बसली होती. दर्यापूरची पोरगी, तेवीस वर्षांची, अमरावतीच्या इनायतुल्लाभाईंच्या वेबसाइट ऑफिसात येऊन तिला आठच महिने झाले होते. तिची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. मग भानावर येऊन तिने पान पुन्हा उघडलं. आता चांगल्या संत्र्यांचा फोटो यायला लागला खरा, पण वरून खाली, इंचाइंचाने. दोन मिनिटं झाली तरी पडद्यावर संत्रं अर्धंच होतं. व्यापारी घड्याळं पाहू लागले आणि एकेक करून चहाकडे सरकले.

पहिल्या रांगेत सबीहा बसली होती. त्याच ऑफिसातली, सहा वर्षांपासूनची, सगळ्यात जुनी. लोकांनी डोक्याला हात लावला तसा तिनेही लावला, पण खरं सांगायचं तर तिच्या पोटात त्या वेळी गारेगार वाटत होतं.

याला कारण होतं. ते २००९ साल होतं. कपाशीने हात टेकवले होते, निदान संत्रं तरी दलालांना टाळून थेट विकावं म्हणून बारा बागायतदारांनी ही वेबसाइट करायला दिली होती. बारा जण म्हणजे बारा तोंडं. पहिल्या पानावर मागे पसरलेला जो मोठा फोटो असतो, तो प्रत्येकाला आपल्याच बागेचा हवा होता. एकाची बाग लावली की अकरा जणांच्या नाकाला मिरच्या झोंबत. शेवटी तोडगा काढला सबीहाने: पान उघडलं की बारांतला कोणताही एक फोटो यावा, चिठ्ठी काढल्यासारखा. ज्याचं नशीब त्याची बाग. संघ खूश झाला.

पण सबीहाच्या पानात तो फोटो यायला चाळीस सेकंद लागत. तोवर नुसतं पांढरं पान. मग आचल आली आणि दहा दिवसांत तिने अशी काही जादू केली, की पान उघडायला आणि फोटो हजर व्हायला एकच गाठ. इनायतुल्लाभाई इतके हरखले की अकोल्याला निघणारी नवी शाखा त्यांनी आचलला देऊन टाकली. सबीहाचं माहेर अकोल्याचं, तिथे तिची अम्मी एकटी, आणि त्या शाखेची वाट सबीहा तीन वर्षं पाहत होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आणखी कसा असतो?

म्हणून तिला गारेगार वाटलं. एकच गोष्ट मधे मधे टोचत होती. काळ्या पडलेल्या त्या झाडाचा फोटो तिने आधी पाहिलेला होता. कुठे पाहिला होता, तेही तिला आठवत होतं.

२

दुपारी जीप अमरावतीला परतली. राजकमल चौकाजवळच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ऑफिस होतं आणि खाली किशोरचा फोटो स्टुडिओ. संत्र्यांचे सगळे फोटो किशोरनेच काढलेले. आज स्टुडिओला कुलूप होतं, किशोर लग्नाचे फोटो काढायला पहाटेच अकोल्याला गेला होता.

इनायतुल्लाभाई खुर्चीत बसले. माणूस पन्नाशीचा, शांत, रागावला की आवाज आणखी खाली जायचा.

“आचल, सीधी बात सांग. आज निंघायच्या आधी, सकाळी आठ वाजता, मी सोता या कम्प्युटरवर फोल्डर पाह्यलं. बारा फोटो. आता पाह्यलं, बाराच हाये. मंग तेरावा आला कुठून?”

आचलने लॅपटॉप बॅगेतून काढून टेबलावर ठेवला.

“आन् तिथं आपून डाटा कार्डावर होतो. त्याच्यावर फोटो इतक्या जल्दी येते काय? हा तं पान उघडताच हजर! म्हंजे तो लॅपटॉपातच होता.” त्यांनी लॅपटॉप पुढे ओढून शोधाशोध केली, आणि खरंच, कोळशीचा फोटो त्यात साठवलेला निघाला. “हे पाहा. लॅपटॉप काल सांजेपासून कोनापाशी होता?”

“माह्यापाशी,” आचल म्हणाली.

“मंग?”

“भाईसाब, हा फोटो आजचा नाही. कालचा आहे.”

“काल संध्याकाळी मी सोता पान उघडलं होतं, याच लॅपटॉपवर. तुमी सारे इथंच उभे होते. संत्री दिसली का नाही दिसली?”

“दिसली. पण...”

“पन काय?”

आचलने सबीहाकडे पाहिलं. ती नजर काही विचारत होती असं नाही, उलट काहीतरी ठरवून मोकळी झाल्यासारखी होती. मग तिने बॅग खांद्याला लावली आणि जिना उतरून गेली. दर्यापूरची गाडी साडेपाचला असते.

“देवरावनं शनिवारपर्यंत टाइम देल्ला,” इनायतुल्लाभाई सबीहाला म्हणाले. “कोनं केलं ते सांगा, नाई तं काम दुसऱ्याले. शनिवारी मी या पोरीले कमी करतो. मले वाईट वाटते, पन इज्जतीचा सवाल हाये. अकोला तू सांभाळ, बेटा.”

झालं. तीन वर्षं जे मागितलं ते ओटीत पडलं. सबीहा हो म्हणाली, घरी गेली, अम्मीला फोन करायला बसली आणि फोन हातातच राहिला.

दोन मिनिटं अर्धंच संत्रं. हे काय होतं?

दुसऱ्याचा मत्सर करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे दुसऱ्याचं बळ नेमकं कुठे आहे. आचलने किशोरचे चार चार एमबीचे फोटो ऐंशी केबीवर आणले होते, आणि बघणाऱ्याला फरक कळत नव्हता. तेवढा चिमुकला फोटो डाटा कार्डावरही दहा सेकंदांत आला असता. त्या पोरीने आपल्या पानात सगळं केलं असतं, पण ते हळू होऊ दिलं नसतं. कोळशी दाखवेल एक वेळ, दोन मिनिटं नाही लावणार.

‘मला काय करायचंय?’ सबीहा मनाशी म्हणाली. आणि सकाळी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी ऑफिसात जाऊन बसली.

३

शुक्रवारी सकाळी तिने सर्व्हरवरचं फोल्डर उघडलं. फोटो बारा, नावंही तीच. भाईंनी मोजले होते ते बरोबर होते. मोजून समाधान होणाऱ्याने मोजायचं आणि उठायचं. सबीहाने नावांच्या पुढचा रकाना पाहिला.

पहिला फोटो, चार एमबी. दुसरा, पावणेचार. तिसरा, सव्वाचार. बाराही तसेच. आणि बाराही चढवल्याची रात्र एकच: बुधवार, नऊ वाजून दहा मिनिटांपासून एकापाठोपाठ एक.

आचलचे ऐंशी-ऐंशी केबीचे फोटो तिथे नव्हतेच. बुधवारी कोणीतरी ते काढले होते आणि त्यांच्या जागी किशोरचे मूळ, अगडबंब फोटो बसवले होते. म्हणून तर संत्रं अर्ध्यावर अडकलं.

आचलने दहा दिवस ज्या वजनाशी मारामारी केली, ते वजन ती आपल्या हाताने परत चढवेल? सबीहाला त्या पोरीचा कितीही राग असो, पण हे तिला पटेना. फोटोंच्या फोल्डरचा पासवर्ड चौघांकडे होता. भाई, आचल, सबीहा आणि किशोर.

भाईंना आपल्याच पायावर धोंडा पाडायचं कारण नाही. आपण केलेलं नाही, हे सबीहाला माहीत होतं. जिन्यावरून खाली शटर उघडल्याचा आवाज आला. किशोर अकोल्याहून परतला होता.

४

किशोर चाळिशीचा, तोंडाळ पण मनाने हळवा माणूस. स्टुडिओ वडिलांपासूनचा. सबीहाचं आणि त्याचं चांगलं जमायचं. मंगळवारी दोघं इथेच चहा पीत बसले होते, आणि त्याने बागेतले सगळे फोटो तिला दाखवले होते, लावायचे ते आणि न लावायचे ते. कोळशीचं झाड तिने तेव्हाच पाहिलेलं.

“ऐकलं ना ताई?” किशोर म्हणाला. “लय वंगाळ झालं. पन एका परीनं बरंच. तोरा उतरला पोट्टीचा. भाईसाबाईच्या पुढं मले काय म्हने, दादा, तुमच्या फोटोत अठ्ठ्याण्णव टक्के फालतू वजन हाये. फालतू! पहाटं चार वाजता दंवात उभं राहून काढले मी ते फोटो.”

“तिच्याकडे तुझे मूळ फोटो आहेत का रे, किशोरभाऊ?”

“ह्यॅट! बापानं जिंदगीत कोनाले निगेटिव्ह देल्ली नाही. गिऱ्हाइकानं कितीक माथं आपटलं तरी कॉपी ने म्हने, निगेटिव्ह आपल्या पेटीत. पेनड्राइव्ह म्हंजे माही निगेटिव्ह. पोट्टीनं इथं, या स्टुलावर बसून, माह्यासमोर लहान करून नेले. तुमच्या पानावर होते तेबी म्याच चढवले आन् म्याच काढले. मूळ फोटो माह्याशिवाय कोनापाशी नाही.”

छाती फुगवून सांगितलं त्याने. सबीहाने कप खाली ठेवला.

“बुधवारी संध्याकाळी वर कशाला आला होतास?”

“भाईसाब नमाजाहून आल्यावर पान पाहनार होते ना. माहे फोटो, मी नाही पाहू?”

ते खरं होतं. सबीहाला ती संध्याकाळ लख्ख आठवत होती. सव्वासहा वाजता भाईंनी लॅपटॉपवर पान उघडलं आणि पिवळीधम्मक संत्री हजर झाली. भाई म्हणाले, वा! त्याच वेळी त्यांच्या खुर्चीमागून किशोर म्हणाला, “अरे?” पान तसंच उघडं ठेवून भाई दहा-पंधरा मिनिटं व्यापाऱ्यांच्या जेवणाचं बोलत बसले. किशोर घुटमळत होता. शेवटी म्हणाला, “भाईसाब, अजून एक डाव उघडा की.” भाईंनी हात पुढे केला आणि साडेसहाच्या ठोक्याला लाईट गेली. लोडशेडिंग. लाईट गेली म्हणजे इंटरनेटही गेलं. आचलने लॅपटॉप मिटून बॅगेत टाकला. किशोर चहा न घेताच जिना उतरला.

“गुरुवारी तू अकोल्यात होतास,” सबीहा म्हणाली.

“पहाटंच्या पाचच्या गाडीनं गेलतो. दोनशे वऱ्हाडी साक्षीले हायेत. काहून?”

सबीहाने मनात जुळवून पाहिलं. मूळ फोटो याच्याकडे, पासवर्ड याच्याकडे, राग याच्याकडे. पण कोळशी दिसली गुरुवारी अकरा वाजता, शेंदूरजन्यात, आणि त्या वेळी हा अकोल्यात नवरीचे फोटो काढत होता. फोल्डरात तर सकाळी आठलाच बारा चांगले फोटो होते. मग कोळशी आली कुठून?

‘हा फोटो आजचा नाही. कालचा आहे,’ आचल म्हणाली होती. घाबरलेली पोर काहीही बरळते, असंच तेव्हा सगळ्यांना वाटलं. सबीहा वर आली आणि तिने आपल्या टेबलाचा खालचा खण ओढला.

५

खणात एक शंभर पानी वही होती. महिन्याभरापूर्वी आचलने आणून दिलेली. “आपा, फोटो लवकर यायसाठी काय केलं, ते सगळं लिहिलं आहे. तुमी एकदा वाचता?” सबीहा म्हणाली होती, ठेव, बघते. आणि वहीवर चहाचा कप ठेवला होता. त्याचा गोल डाग अजून होता.

आचल आज कामावर आली नव्हती. तिला गाठायला सबीहा निघाली, आणि दर्यापूरच्या गाडीत खिडकीशी बसून तिने वही उघडली. अक्षर सुरेख होतं, त्याचाही तिला राग आला. फोटो लहान करण्याची हकिगत पहिल्या चार पानांत होती. पाचव्या पानावर मथळा होता, ‘उद्याची डाळ’.

‘चिठ्ठी काढून फोटो निवडायचा, मग तो आणायचा, मग दाखवायचा, यात वेळ जातो. फोटो कितीही लहान केला तरी माणसाला वाट पाहावी लागतेच. माझी आई उद्याची डाळ आज भिजत घालते. तसं केलं. माणूस पान उघडतो तेव्हा त्याला मागच्या वेळी निवडून त्याच्याच कम्प्युटरात आणून ठेवलेला फोटो लगेच दाखवायचा. तो पान वाचत बसला की गुपचूप पुढची चिठ्ठी काढायची आणि तो फोटो आणून ठेवायचा, पुढच्या वेळेसाठी. तो पुरता यायच्या आत पान पुन्हा उघडलं, तरच तो येताना दिसतो. म्हणजे आज दिसतो तो नेहमी मागच्या वेळचा असतो.’

सबीहाने ते वाक्य तीनदा वाचलं. मग वही मिटली, पुन्हा उघडली. ऑफिसात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की फोटो लहान केले म्हणून पान पळतं. ही भिजत घातलेली डाळ कोणाला माहीत नव्हती. कारण ती ज्या वहीत होती, ती वही सबीहाने महिनाभर दाबून ठेवली होती.

इतकं साधं, आणि आपल्याला सुचलं नाही! ती जळफळाटाने अक्षरशः लाल झाली. शेजारच्या बाईने विचारलं, “गाडी लागते काय वं?”

आचलचं घर बसस्टँडपासून जवळच निघालं. दारात सबीहाला पाहून ती दचकली, मग सरळ म्हणाली, “आपा, मले वाटलं तुमीच केलं.”

“म्हणून गप्प बसलीस?”

“फोल्डरात कोणीतरी बुधवारी गडबड केली, हे मले तवाच समजलं होतं. पण सिद्ध कसं करू? आन् ही युक्ती माह्याशिवाय तुमालेच माहीत. वही तुमच्यापाशी होती ना.”

सबीहाला कानशिलात बसल्यासारखं झालं. ‘वाचलीच नाही’ हे सांगणं ‘मीच केलं’ म्हणण्यापेक्षा कठीण होतं. तरी तिने सांगितलं. आचलने पाण्याचा तांब्या पुढे केला. सबीहाने विचारलं:

“बुधवारी संध्याकाळनंतर ते पान लॅपटॉपवर उघडलं होतंस?”

“नाही. अमरावतीच्या खोलीवर इंटरनेट नाही. एकदम शेंदूरजन्यातच उघडलं.”

“मग उद्या दहा वाजता ऑफिसात ये,” सबीहा म्हणाली.

६

शनिवारी दहा वाजता ऑफिसात पाच जण होते. देवराव निकाल ऐकायला स्वतः आले होते. किशोरला भाईंनी खालून बोलावून घेतलं. सबीहा उभी राहिली. हातात ती डाग पडलेली वही होती.

“चोर सोडून संन्याशाला फाशी चालली आहे,” ती म्हणाली. आचलची युक्ती तिने सांगितली, उद्याच्या डाळीसकट. देवरावांना ती लगेच समजली, कारण त्यांच्याही घरी डाळ भिजत घालत. “म्हणजे गुरुवारी पहिल्यांदा दिसलेला फोटो गुरुवारी निवडलेलाच नव्हता. तो बुधवारी, भाई, तुम्ही पान उघडून बसला होता तेव्हा निवडला गेला आणि गुपचूप येऊन बसला. लॅपटॉपात तो फोटो अजून आहे. तुम्ही तो शोधलात, वेळ पाहिली नाही. पाहा.”

इनायतुल्लाभाईंनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं.

“बुधवार. सहा वाजून चोवीस मिंटं.”

“त्या वेळी लॅपटॉपवर हात कोणाचा होता?”

“माहा,” ते हळूच म्हणाले. “आचल तं तिकडं चहा गाळत होती.”

“म्हणजे सहा चोवीसला फोल्डरात कोळशीचा फोटो होता. माझं म्हणणं, तो एकटाच होता, कारण ज्याने ठेवला त्याला तोच दिसायला हवा होता. लगेच, भाईंच्या डोळ्यांपुढे, ऑफिसातल्या ऑफिसात आचलची फजिती व्हायला. पण ही युक्ती त्याला माहीत नव्हती. त्याला वाटलं, आता ठेवलं की आता दिसेल. दिसली दुपारी भिजत घातलेली संत्री. आपला डाव फसला असं त्याला वाटलं. पुन्हा उघडा म्हणाला, तेवढ्यात लाईट गेली. नऊला लाईट आल्यावर त्याने कोळशी काढली आणि बारा फोटो परत ठेवले. पण आचलने लहान केलेले ठेवायला त्याचा हात धजला नाही. ते त्याला आपल्या फोटोंचा भुगा वाटत होते. त्याने मूळ ठेवले. आणि मूळ फोटो एकाच माणसाकडे आहेत, ज्याच्या बापानेही कधी निगेटिव्ह कोणाला दिली नाही.”

किशोरने भिंतीला पाठ टेकली.

“शेंदूरजन्यात दिसन असं मले सपनातबी वाटलं नव्हतं, भाईसाब,” तो म्हणाला. “देवरावभाऊ, तुमच्या पाया पडतो. मले फकस्त इथं, चौघात, तिचं हसं कराचं होतं. अकोल्यात फोन आला तवा मले समजलं. म्या तं सारं ठीक करून गेलतो.” मग तो सबीहाकडे वळला. आवाज चढला नाही, रडवेला झाला. “पन ताई, सारं सांगतलं तं तेवढंबी सांगा ना. मंगळवारी हा फोटो पाहून कोन म्हनलं होतं? ‘एक दिवस हिच्या पानावर हेच झाड दिसलं पाहिजे, म्हंजे तोरा उतरेल.’ मले तं सुचलंबी नसतं.”

सबीहा हे वाक्य विसरली नव्हती. गुरुवारी पडद्यावर काळं झाड आलं तेव्हाच तिला ते आठवलं होतं, आणि तेव्हापासून ती ते पायाखाली दाबून उभी होती. आताही नाही म्हणता आलं असतं. किशोरच्या शब्दाला या घडीला कोणी विचारलं नसतं. अळीमिळी गुपचिळी, आणि रविवारी अकोला.

सगळे तिच्याकडे पाहत होते. आचल पाहत नव्हती. ती टेबलावरच्या वहीकडे बघत होती, त्या चहाच्या डागाकडे.

“मीच म्हणाले,” सबीहा म्हणाली. “हसत म्हणाले, पण मनापासून म्हणाले. आणि ही वही मी महिनाभर वाचली नाही. वाचली असती तर गुरुवारीच सगळं उलगडलं असतं.”

देवराव खाकरले. त्यांना कदाचित आपले बारा जण आठवले असतील. “आमच्या संघात तं हे रोजचंच हाये,” ते म्हणाले. “व्यापाऱ्याईले मी पुन्हा बलावतो. याच्या बापाच्या निगेटिव्हा तेवढ्या काढा तिथून.”

इनायतुल्लाभाईंनी किशोरचा पासवर्ड बंद केला, त्याला घरी पाठवलं. सबीहाला ते एवढंच म्हणाले, “सच बोललीस, बेटा, शाबास. पन अकोला आता मी तुले कसा देऊ, तूच सांग.”

सबीहाने वही आचलच्या हातात दिली.

७

आचल पुढच्या सोमवारी अकोल्याला रुजू झाली. एकट्या पोरीला तिथे खोली कोणी देईना, तेव्हा सबीहाने अम्मीला फोन केला. घराची पुढची खोली रिकामी होती. ती खोली सबीहाने स्वतःसाठी मनात सजवून ठेवलेली, खिडकीत टेबल कुठे ठेवायचं तेही ठरलेलं. तिने ते आचलला सांगितलं नाही. किल्ली दिली आणि वही परत मागून घेतली, पुरती वाचायची होती म्हणून.

आठ दिवसांनी अम्मीचा फोन आला.

“सबीहा, पोरगी काय पाठवलीस गं तू! आल्या आल्या माझ्या मोबाइलवर तुझे फोटो लावून दिले. उघडला की रोज वेगळा फोटो, आणि झटकन येतो. फार हुशार आहे. आणि डाळ भिजत घालायची मला एकदाही आठवण करावी लागत नाही.”

सबीहाला तो जुना, ओळखीचा हेवा वाटला. तिने दात-ओठ खाल्ले.

“आहेच ती हुशार,” ती म्हणाली. “आज माझा कुठला फोटो आला?”

“तो लहानपणीचा. गाल फुगवून बसली आहेस तो. शेजारच्या पोरीला नवा फ्रॉक आणला होता, त्या दिवशीचा.”